जाते, चक्कीनामा आणि आमची बोली

कला हा समाजाचा आरसा आहे, हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. मुले ते निबंधात लिहितात आणि आम्हीही त्यावर बरोबरची खूण करतो. पण आरसा समोर असेल तेवढेच दाखवतो, स्वतः काही घडवीत नाही. मानववंशशास्त्र कलेकडे या नजरेने पाहत नाही. एखादे गाणे चांगले की सुमार, हा त्याचा पहिला प्रश्न नसतो. ते कोण गाते, कोणत्या वेळी गाते, हाताने कोणते काम चालू असताना गाते आणि गायल्यामुळे माणसामाणसांच्या नात्यात काय फरक पडतो, असे हे शास्त्र विचारते. या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी अजिंठ्याला किंवा ताजमहालाला जाण्याची गरज नाही. आपल्या आजीच्या घरातले जाते पुरेसे आहे.

या जात्याभोवती दखनच्या मुलखात दोन गाणी वाढली. एक मराठी ओवी आणि दुसरे दखनी जबानीतले चक्कीनामे. मराठी साहित्याच्या इतिहासात पहिले सापडते, उर्दू साहित्याच्या इतिहासात कोपऱ्यात कुठेतरी दुसरे. दोन्ही एकाच दगडावर जन्मली, हे मात्र दोन्ही इतिहास एकत्र ठेवून सहसा कोणी सांगत नाही. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो आणि लिहितो मराठीत. त्यामुळे हे काम आमच्यासारख्यांच्याच वाट्याला आले आहे असे आम्हाला वाटते.

आधी काम, मग गाणे

कार्ल ब्यूखर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ साली श्रम आणि लय यांच्या संबंधावर एक ग्रंथ लिहिला. माणूस एकत्र काम करू लागला तेव्हा हातापायांच्या हालचालींना लय आली आणि त्या लयीतून गाणे व काव्य उगवले, असा त्याचा सिद्धांत होता. सगळी कविता श्रमातूनच आली असे आज कोणी ठामपणे म्हणणार नाही. पण आपल्याकडची भलरी, मोटेवरची गाणी आणि जात्यावरची ओवी पाहिली की त्याच्या म्हणण्यात किती तथ्य आहे ते कळते.

ओवीची सर्वांत जुनी साक्षही हेच सांगते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात, म्हणजे ११२९ च्या सुमारास, महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात अशी स्पष्ट नोंद आहे. 'ज्ञानेश्वरी'च्याही दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट. ओवीचे नाव इतिहासात पहिल्यांदा येते ते कुठल्याही पंडिताबरोबर येत नाही. हातात मुसळ धरलेल्या बाईबरोबर येते.

जाते ज्यांनी ओढले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे. दोन गोल दगड. खालचा स्थिर, वरचा फिरता. मध्ये खीळ, कडेला लाकडी खुंटा. दोघी समोरासमोर बसतात, एका खुंट्याला दोघींचे हात. एक हात ओढतो, दुसऱ्या हाताने मूठमूठ धान्य वैरायचे. वेळ पहाटेची, कोंबडा आरवण्याच्या आधीची, कारण सकाळच्या भाकरीचे पीठ तेव्हाच हवे. घरातले पुरुष झोपलेले, सासू झोपलेली. दगडाच्या घरघरीत बोललेले बाहेर ऐकू जात नाही. दिवसभर जिला मान वर करून बोलता येत नाही, तिला बोलण्यासाठी ही एवढीच जागा आणि एवढीच वेळ. माहेरची आठवण, भावाची वाट पाहणे, सासूचा जाच, लेकीची काळजी हे सारे ओवीत आले ते म्हणून. एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची. खुंट्याच्या फेऱ्यात बसेल एवढीच ओळीची लांबी. ओवीचे रूप कामाने ठरवले आणि ओवीचा आशय त्या घरातल्या बाईच्या स्थानाने ठरवला. समाज कलेला कसा घडवतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण आम्हाला माहीत नाही.

ओवी पोथीत गेली

पुढे ही ओवी जात्यावरून उठून पोथीत गेली. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेवरील भाष्यासाठी याच छंदाचा आधार घेतला. संस्कृतच्या कुलपात असलेले ज्ञान ज्यांच्यापर्यंत न्यायचे, त्यांच्या कानाला ओळखीचा छंद हवा होता आणि तो बायकांनी शेकडो वर्षे जपला होता. जनाबाईने दळणकांडण हाच आपल्या भक्तीचा विषय केला. तिचा विठ्ठल देवळात उभा न राहता तिच्याबरोबर दळायला बसतो. दासीच्या कामाला देवाचा हात लागला, तसे ते काम हलके राहिले नाही.

हाच छंद मुसलमान संतकवींनीही आपला मानला. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांचा 'योगसंग्राम' हा १६४५ चा ग्रंथ ओवीबद्ध आहे. कादिरी सूफी परंपरा आणि वारकरी भक्ती या दोहोंचे पाणी त्यांच्या रचनेत मिळालेले आहे. रा. चिं. ढेरे यांनी १९६७ साली 'मुसलमान मराठी संतकवी' हा ग्रंथ लिहून आणि डॉ. यू. म. पठाण यांनी आपल्या दीर्घ संशोधनातून या कवींना मराठी वाङ्मयात त्यांची जागा मिळवून दिली. आम्ही मराठी मुसलमानांनी या दोघांचे ऋण विसरता कामा नये. पण संतकवी हे पोथी लिहिणारे होते. ज्या मुसलमान बायकांना पोथीही नव्हती आणि किताबही नव्हती, त्या पहाटे काय गात होत्या? या प्रश्नासाठी विजापूरकडे वळावे लागते.

खानकाहपासून चक्कीपर्यंत

आदिलशाहीची राजधानी विजापूर, म्हणजे आजचे विजयपुरा. दरबाराची भाषा फारसी होती, पण राज्य चालवायचे तर फारसी पुरत नव्हती. पहिल्या इब्राहिम आदिलशाहाने, म्हणजे १५३४ ते १५५८ च्या दरम्यान, हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची सुरुवात केली असे इतिहासकार फिरिश्ता सांगतो. दुसऱ्या इब्राहिमने (१५८० ते १६२७) 'किताब-ए-नौरस' हा संगीतविषयक गीतांचा संग्रह दखनीतच रचला. शहराबाहेर शाहपूरच्या टेकडीवर चिश्ती सूफींचे एक घराणे राहत होते. शाह मीरांजी शम्सुल उश्शाक, त्यांचे पुत्र बुऱ्हाणुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून १६७५ पर्यंत, असा या तीन पिढ्यांचा काळ सांगितला जातो.

या घराण्याने दखनीत लिहिले आणि तसे लिहिल्याबद्दल कारणेही दिली. ज्यांना अरबी येत नाही, फारसी येत नाही, त्यांनी खुदाची ओळख करून घ्यायचीच नाही काय, असा मीरांजींचा प्रश्न होता. कचऱ्यात पडलेले सोने कोणी टाकून देत नाही, भाषेचे बाह्य रूप न पाहता आतला अर्थ पाहावा, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे. ज्ञानेश्वर आणि एकनाथ यांनी मराठीची बाजू मांडली, तिच्या शेजारी ही बाजू ठेवून पाहावी. मीरांजींच्या 'खुशनामा' या रचनेत खुश नावाची एक मुलगी आहे, तिला खुदाची ओढ आहे आणि ती पीराला प्रश्न विचारते. पंधराव्या-सोळाव्या शतकातल्या धार्मिक रचनेत मुलीने प्रश्न विचारावेत ही साधी गोष्ट नव्हे.

याच वाटेने पुढे सतराव्या-अठराव्या शतकांत चक्कीनामे, चरखानामे, लोरीनामे, सुहागननामे असे रचनाप्रकार तयार झाले. नावेच पाहा. दळणे, सूत कातणे, बाळाला झोपवणे, लग्न. बाईच्या आयुष्यातले एकेक काम आणि एकेक प्रसंग घेऊन त्यावर गाणे रचलेले आहे. चक्कीनाम्यात जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ. अरबी वर्णमालेतले ते सरळ उभे अक्षर, ज्याने अल्लाहचे नाव सुरू होते. मधली खीळ म्हणजे पैगंबर, ज्यांच्या आधाराने सारे फिरते. चरखानाम्यात कापूस पिंजण्यापासून सूत गुंडाळण्यापर्यंतच्या एकेका क्रियेला जिक्रची एकेक पायरी जोडलेली आहे. मोठ्याने नाव घेण्याची, मग मनात घेण्याची. जिला अक्षर ओळखता येत नव्हते, तिच्या हातात रोज येणारा खुंटाच तिला पहिले अक्षर शिकवत होता. आम्ही बी.एड.ला शैक्षणिक साधने नावाचा विषय शिकलो. याहून चांगले साधन आमच्या तरी पाहण्यात आले नाही.

अमेरिकन इतिहासकार रिचर्ड ईटन यांनी हस्तलिखितांतून ही गाणी अभ्यासली आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विजापूरच्या सूफींवरील ग्रंथात त्यांचे महत्त्व मांडले. सूफींचे गहन तत्त्वज्ञान खानकाहीतल्या मोजक्या मुरीदांपुरते होते. खेड्यापाड्यांत पोचली ती ही घरगुती गाणी, आणि ती पोचवली बायकांनी. गाणे ऐकत मूल मांडीवर वाढले, आणि घराचे वळण पिढ्या दोन पिढ्यांत हळूहळू बदलले. असे त्यांच्या मांडणीचे सार आहे.

समाजावर गाण्याचा हात

इथे आम्हाला दोन प्रकारच्या मंडळींशी बोलायचे आहे.

पहिले म्हणतात, म्हणजे गाण्याच्या आडून धर्मप्रसारच झाला! या मंडळींनी गाणे कसे चालते याचा विचार केलेला नाही. दळणारीला रोज पहाटे कोणी पहारेकरी उभा राहून गाणे म्हणायला लावत नव्हता. आवडले नाही तर ती दुसरे म्हणत होती. पीराच्या दर्ग्यावर ती गेली ते मूल व्हावे, ताप उतरावा, नवरा सुखरूप परत यावा म्हणून. तिथे ऐकलेले चालीचे गाणे घरी घेऊन आली. तिच्या शेजारीण त्याच पहाटे विठ्ठलाची ओवी म्हणत होती. दोघींची चाल जात्याची होती. गाण्यातून धर्म घरात आला हे खरेच आहे. पण तो आला बाईच्या हातून, तिच्या भाषेत, तिला झेपेल तेवढा आणि तिला हवा तसा. तलवारीच्या आणि फसवणुकीच्या गोष्टी सांगणाऱ्यांना ही संथ, घरगुती प्रक्रिया दिसत नाही, कारण तिथे लढाईही नाही आणि राजाही नाही.

दुसरी मंडळी आपल्याच समाजातली आहेत. ती म्हणतात, हे गाणेबिणे म्हणजे बिदअत, खऱ्या दीनशी त्याचा काय संबंध? घरातल्या म्हाताऱ्या बाईला गाताना टोकणारी तरुण मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांना नम्रपणे एवढेच विचारावेसे वाटते की, तुमच्या घराण्यात सात पिढ्यांपूर्वी कलमा कोणी कोणाला शिकवला? मदरसा गावात नव्हता, आलिम तालुक्यालाही नसेल. कुणीतरी आईनेच दळता दळता बाळाच्या कानावर घातला असेल. ज्या शिडीने वर आलो ती ढकलून देणे हे कृतज्ञतेला धरून नाही.

एक मर्यादा मात्र आम्हीही मान्य केली पाहिजे. उपलब्ध चक्कीनामे पुरुषांनी रचले, पुरुषांनी उतरवून ठेवले. त्यांत बाईने कसे असावे याचा उपदेश आहे, बाईचे स्वतःचे रडणे नाही. ओवीचे नेमके उलट. ती बाईने बाईसाठी रचली, तिच्यावर कोणाची सही नाही. चक्कीनामा घरात शिरला तेव्हा दळणारीने तो जसाच्या तसा ठेवला असेल असे आम्हाला वाटत नाही. आमच्या आजीची आठवण सांगतो. ती बिस्मिल्लाह म्हणून पहिली मूठ वैरायची, दोनचार ओळी पीराच्या म्हणायची आणि मग कधी तिच्या भावावर घसरायची ते कळायचे नाही. भाऊ आला की जबान मराठी व्हायची. शेजारची काकू खुंट्याला हात लावायला आली असेल तर पीरही मराठीतच यायचा. हे ती जाणूनबुजून करत नव्हती. तिच्यासाठी ती दोन गाणी नव्हतीच.

याचा पुरावा आपल्या बोलीत आजही आहे. दखनीत नकार देताना आपण 'नक्को' म्हणतो. हा मराठीचा 'नको'. जोर देताना 'वैसाइच', 'मैंइच' म्हणतो. हा शेवटचा च मराठीचा. उत्तरेच्या उर्दूत यातले काही नाही. भाषाशास्त्राचा एक अनुभव असा की संज्ञा बाजारातून सहज येतात. कापडाचे, भाजीचे, हत्याराचे नाव कोणीही उचलतो. पण नकार आणि जोर हे बोलण्याच्या अगदी आतले अवयव. ते रोजच्या सहवासातूनच येतात. नक्को आणि च आपल्याला दरबाराने दिले नाहीत. ओट्यावर, पाणवठ्यावर, जात्यावर एकत्र बसलेल्या बायकांनी दिले.

गिरणी आली

मग खेड्यात आधी तेलाची आणि पुढे विजेची गिरणी आली. बायकांची पहाटेची तीन-तीन तासांची मजुरी संपली. ही चांगलीच गोष्ट झाली. जाते गेले म्हणून हळहळणाऱ्या पुरुषांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून पाहावी. जात्याला टाकी लावणारा वडार गल्लीत यायचा थांबला, त्याचाही धंदा गेला. आणि गाणे? हात मोकळे झाले, पण ओवीचे घरच मोडले. दोघींनी समोरासमोर बसण्याचे कारण उरले नाही. गिरणीवर डबा ठेवून रांगेत उभे राहताना ओवी सुचत नाही. कामातून आलेले गाणे कामाबरोबर गेले.

काही माणसांनी मात्र ते वेळेवर ऐकले. साने गुरुजींनी १९४० च्या सुमारास 'स्त्रीजीवन'मध्ये ओव्या गोळा केल्या. दुर्गाबाई भागवत आणि सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या अभ्यासाला प्रतिष्ठा दिली. पुढे १९८० च्या दशकापासून पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटविन यांनी हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमा केल्या. २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया' या संस्थेने त्यांतल्या अनेक लोकांसमोर आणल्या. या संग्रहात राम-सीता आहेत, विठ्ठल आहे आणि बाबासाहेब आंबेडकरही आहेत. दलित बायकांनी त्याच जात्यावर, त्याच छंदात भीमरायाला बसवले. सूफींनी जे केले, जनाबाईने जे केले, तेच या बायकांनी आपल्या मुक्तीच्या काळात केले. जाते कोणत्याही धर्माला नाही म्हणत नाही. जी दळते तिचे ते.

पण चक्कीनामे कुठे आहेत? काही हैदराबादच्या ग्रंथालयांतल्या हस्तलिखितांत. आणि उरलेले, म्हणजे बायकांनी बदललेले, मराठी मिसळलेले, न लिहिलेले, ते म्हाताऱ्यांच्या तोंडी. आपण ते गोळा केले का? उर्दूवाल्यांना ती शुद्ध उर्दू वाटली नाही, मराठीवाल्यांना ते मराठी वाटले नाही. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी या गाण्याची गत झाली.

लाल शाई

आणि यात आमचा स्वतःचा हात आहे. हे कबूल केल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही.

आमच्या वर्गातली मुले घरी दखनी बोलतात. वहीत 'मेरेकू' लिहितात, आम्ही लाल शाईने खोडून 'मुझे' लिहितो. 'नक्को' लिहितात, आम्ही 'नहीं चाहिए' लिहितो. प्रमाण उर्दू शिकवणे हे आमचे काम आहे आणि परीक्षेत तीच लागते. पण खोडताना आपण काय खोडतो आहोत, याचा विचार आम्ही बरीच वर्षे केला नव्हता. इतिहासाची गंमत अशी की दिल्लीच्या शायरांना देशी जबानीत गझल लिहिण्याची हिंमत आली ती औरंगाबादच्या (आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या) वलीमुळे. त्याचा दीवान १७२० च्या सुमारास दिल्लीला पोचला आणि फारसीचा दबदबा ढिला झाला. ज्या दखनने दिल्लीला धीर दिला, त्याच दखनच्या मुलांना दिल्ली-लखनौची जबान समोर ठेवून आज आम्ही अशुद्ध ठरवतो.

मुलाची बोली चूक ठरवली की त्याचे घर चूक ठरते. घर चूक ठरले की ते मूल ना उर्दूत मन उघडते, ना मराठीत. मग तेच मूल मोठेपणी ऐकते, तुम्ही इथले नाहीच. आणि त्याच्याकडे उत्तर नसते. उत्तर होते, ते त्याच्या आजीच्या तोंडी होते. आम्ही ते वहीतून खोडले.

बी.एड.ला आम्हाला 'ज्ञाताकडून अज्ञाताकडे' हे सूत्र शिकवले होते. परीक्षेत त्यावर आम्ही पानभर लिहिले. त्याचा अर्थ आम्हाला उशिरा कळला. एकदा सातवीच्या वर्गाला आम्ही अभ्यास दिला. घरातल्या सर्वांत वयस्क बाईला दळतानाचे, कांडतानाचे, बाळ झोपवतानाचे एक गाणे विचारा आणि जसे ती म्हणेल तसे लिहून आणा. जबान सुधारू नका. पहिल्या दिवशी चारच वह्या आल्या. एक मुलगी रिकामी वही घेऊन उभी राहिली. दादीने गाणे म्हटले, पण लिहू दिले नाही, असे तिने सांगितले. का, असे विचारल्यावर ती दादीच्याच शब्दांत म्हणाली, "नक्को लिख, टीचर हँसते."

आम्ही त्या दादीला निरोप पाठवला की आम्ही हसणार नाही. पुढच्या आठवड्यात मुलीने गाणे आणले. अर्धे दखनीत होते, अर्धे मराठीत. त्या पानावर आम्ही लाल शाई वापरली नाही.